मामाजींच्या हाती चॅनल

प्रश्न : आमचं गाव आर्णी तालुक्यात. लकवा मारल्यापासून मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, उजवा हात चालत नाही. ते छपरीत खाटेवर असतात, टीव्ही तिथंच आहे. मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर लोकांचे पीकविम्याचे फॉर्म भरते. रिमोटची बारीक बटणं त्यांना दाबता येत नाहीत, आणि चॅनलसाठी मला हाक मारायला त्यांना संकोच वाटतो. कॉम्प्युटरवरून केबलचा बॉक्स चालवता येईल का? इंटरनेटवर फायरवायर (कॉम्प्युटर आणि बॉक्स जोडणारी एक वायर) जोडा असं वाचलं, पण आमच्या बॉक्सला तसं पोर्टच नाही.
— एक वाचक भगिनी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, चालवता येईल, तेही बॉक्स न उघडता. बॉक्स ऑपरेटरचा असेल तर त्याचं सील मुळीच तोडू नका.

फायरवायरची माहिती अमेरिकेची. तिथं २००४ पासून नियम होता की हाय डेफिनिशन बॉक्सच्या ग्राहकानं मागितलं तर केबल कंपनीनं चालू फायरवायर पोर्टचा बॉक्स द्यावा. त्या वायरीतून संगणक चॅनल बदलू शके. आपल्या खेड्यांत डिजिटल बॉक्स आले केबल डिजिटल करण्याच्या चौथ्या टप्प्यात, ज्याची मुदत ३१ मार्च २०१७ होती, आणि ते बहुतेक साधेच. त्यांना हुकूम पोचतो तो समोरच्या काळ्या प्लास्टिकमागच्या डोळ्यातून.

रिमोट त्या डोळ्याकडे न दिसणारा अवरक्त प्रकाश पाठवतो. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा रिमोटसमोर धरून बटण दाबा, जांभळट लुकलुक दिसेल. हा प्रकाश बहुधा सेकंदाला ३८,००० वेळा चालू-बंद होतो, आणि त्याच्या लहान-मोठ्या झुबक्यांतून आकडा जातो. संगणकाकडून हेच करून घ्यायचं.

सामान थोडं आहे : एक आर्डुइनो उनो बोर्ड (संगणकावरून प्रोग्राम चढवता येणारं छोटं सर्किट), ३८ किलोहर्ट्झचा आयआर म्हणजे अवरक्त रिसीव्हर, ९४० नॅनोमीटरचा आयआर एलईडी आणि २२० ओहमचा रेझिस्टर. नागपूरला सीताबर्डीत सगळं मिळेल. रिसीव्हरच्या तीन पायांचा क्रम प्रत्येक जातीत सारखा नसतो. दुकानदाराकडून नक्की करून घ्या, उलटा जोडला तर जळतो.

आधी शिकवणी. रिसीव्हर बोर्डाला जोडा, संगणकावरच्या आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये आयआररिमोट (IRremote) ही लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, घाला, तिच्यातला कोड वाचण्याचा नमुना प्रोग्राम चढवा आणि बॉक्सच्या रिमोटचं एकेक बटण दाबा. पडद्यावर पद्धतीचं नाव आणि कोड उमटेल. शून्य ते नऊ, आवाज कमी-जास्त आणि पॉवर एवढं वहीत उतरवा. पद्धत ओळखली गेली नाही तर झुबक्यांच्या लांबीची कच्ची नोंद घेऊन तीच परत पाठवता येते. बॉक्सच्या रिमोटवर चौकटीत वेगळी दोन-चार बटणं असतील तर ती बहुधा टीव्हीची असतात. ती यात घेऊ नका.

मग एलईडी. दोन तारांची वायर भिंतीतून छपरीत न्या : एक तार बोर्डाच्या ३ नंबरच्या पिनपासून रेझिस्टरमार्गे, दुसरी ग्राउंडपासून (बोर्डावर GND लिहिलेली पिन). टॉर्च मारून बॉक्सचा डोळा शोधा आणि एलईडी त्याच्या अगदी समोर चिकटपट्टीनं बसवा. इतक्या जवळून प्रकाश वाढवायला ट्रान्झिस्टरची गरज नाही. यूएसबीची केबल मात्र पाच मीटरपेक्षा लांब नको; लांबवायची ती एलईडीची वायर. छपरीत ऊन येत असेल तर डोळा आणि एलईडी दोन्हींवर काळी चिकटपट्टी लावा, कारण थेट उन्हात हा डोळा दिपतो.

संगणकाकडून बोर्डाला चॅनलचा आकडा पाठवणारा छोटा प्रोग्राम पायथॉन या संगणकाच्या भाषेत होतो. दोन अंकांमध्ये पाव-अर्धा सेकंद थांबा ठेवा, नाहीतर बॉक्स एखादा अंक गिळतो. चॅनलचे नंबर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. ऑपरेटर ते बदलतो, तेव्हा फाइल तेवढी दुरुस्त करायची. लाइन जाऊन आली की काही बॉक्स झोपलेलेच राहतात, आणि पॉवरचं एकच बटण चालू व बंद दोन्ही करतं. बॉक्स उलट काही सांगत नाही, म्हणून पॉवरचा हुकूम आपोआप पाठवू नका. पडदा पाहून माणसानंच द्यावा.

आता माझं मत. हे सगळं आतल्या कॉम्प्युटरवर ठेवलं तर मामाजींची हाक थांबणार नाही, तुमची फक्त फेरी वाचेल. त्यांचा डावा हात चालत असेल तर त्याच बोर्डाला विजेच्या दुकानात मिळणारी बेलची मोठी बटणं जोडा. प्रत्येक बटण एक पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये. प्रोग्राममध्ये त्या पिनेला इनपुट पुलअप (INPUT_PULLUP) लिहा. ही बटणं बोर्डाच्या पाच व्होल्टवरच चालवायची, घरच्या विजेला ती तार कुठंही लागता कामा नये. लाकडी पट्टीवर चार-पाचच बसवा : सह्याद्री, बातम्या, कीर्तन, आवाज वर, आवाज खाली. पट्टी खाटेच्या डाव्या बाजूला त्यांचा हात पोचेल तिथं बांधा, पण कोणती वाहिनी कुठल्या बटणावर हवी ते आधी त्यांनाच विचारा. कॉम्प्युटर लागेल तो प्रोग्राम चढवायला आणि नंबर बदलले तर. एरवी बोर्ड मोबाइलच्या चार्जरवर चालतो. पट्टी अशी केली तर चॅनलचे नंबर फाइलऐवजी प्रोग्राममध्येच सुरुवातीला एकत्र लिहून ठेवा.