ब्रॉयलरला इंजेक्शन देऊन फुगवतात का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आमच्याकडे रविवारी कोंबडी असते. सून म्हणते, ती इंजेक्शनं देऊन चाळीस दिवसांत फुगवलेली असते, नातवंडांना देऊ नका. खरं काय? आणि दुकानदार नियमाने वागतो का, हे आपल्याला कसं कळावं?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : काकू, हार्मोनच्या इंजेक्शनाचं मनातून काढून टाका. एकेका शेडमध्ये हजारो पक्षी. प्रत्येकाला धरून टोचत बसलं तर मजुरीतच धंदा बुडेल. ब्रॉयलर झटपट वाढतो तो पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेल्या जातीमुळे आणि खुराकामुळे. खुराक म्हणजे मका आणि सोयाबीनची पेंड, आपल्या माळव्यातले व्यापारी जिला 'डीओसी' म्हणतात तीच.

तरी सूनबाईंची शंका अगदीच वाया नाही. भ्यायचं ते अँटिबायोटिकला. नोकरीत असताना शेडवर गेलो की मी आधी मागच्या बाजूला औषधांची रिकामी पाकिटं किती पडलीत ते बघायचो; रजिस्टर नंतर. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी वापरायचं औषध, तेही कोंबड्यांना सर्रास चालायचं. जुलै २०१९मध्ये कोंबड्यांसाठीच्या त्याच्या वापरावर बंदी आली. मांसात औषधांचा अंश किती चालेल, याचे एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, नियमही १ एप्रिल २०२५पासून आणखी कडक झाले. औषध दिल्यावर ठरावीक दिवस पक्षी विकायचा नसतो. पण भाव चढलाय, गाडी दारात उभी आहे, अशा वेळी दिवस कोण मोजतं? त्यात पुष्कळ शेतकरी करारावर पाळतात : पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, यांना किलोमागे पालनाचे पैसे. सुधारणा व्हायला हवी ती इथे. औषधाची नोंद गाडीबरोबर दुकानापर्यंत आली पाहिजे. आपण सगळा जोर लावतो तो शेवटच्या खाटकावर. डिसेंबर २०२३मध्ये भोपाळहून उघड्यावरच्या मांसविक्रीला चाप लावणारा आदेश निघाला, चांगलंच झालं. पण कोंबडीने काय खाल्लं ते दुकानाच्या काचेतून दिसत नाही.

दुकानात एफएसएसएआयच्या परवान्याचा चौदा आकडी नंबर लावलेला असतो, तो बघा. मी त्याहून जास्त बघतो तो मांस तोडायचा ओंडका. भेगाळलेला, काळा, चिकट दिसला की मी तसाच परत फिरतो. लाकडी ओंडक्यावर रोज काम झाल्यावर मीठ पसरावं, असं नियमातच आहे. जुने खाटीक ते न सांगता करतात.

घरी आणलेली कोंबडी नळाखाली धुऊ नका. आमच्या घरी हे अजून कुणाला पटलेलं नाही! शिंतोड्यांबरोबर साल्मोनेला हा जंतू ओट्यावर, शेजारच्या काकडीवर जातो. नीट शिजवलं की जंतू मरतात, औषधाचा अंश मात्र शिजवून जाईलच असं नाही.

फारच संशय आला तर २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४० तुमच्यासाठी आहे. गिऱ्हाइकालाही शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून माल तपासून घेता येतो. फक्त विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. माल नियमात बसणारा नाही असा अहवाल आला तर शुल्क परत मिळतं.