पायलटची पण झडती? कमाल आहे!

प्रश्न: सिक्युरिटीच्या लायनीत माझ्यापुढे युनिफॉर्ममधला पायलट होता, बेल्ट-घड्याळ काढून ट्रेमध्ये ठेवत होता बिचारा. अहो, ज्याच्या हातात आख्खं विमान देणार त्याच्या बॅगेतली कात्री काढून घेऊन मिळतं काय? त्याला विमान पाडायचंच असेल तर कात्री कशाला लागते, आणि कॉकपिटमध्ये तर कुऱ्हाडसुद्धा असते म्हणे. हा निव्वळ देखावा नाही का?

उत्तर: कुऱ्हाड असते, खरंय, आग लागली तर पॅनल फोडायला. आणि पायलटला विमान पाडायला कात्री लागत नाही हेही शंभर टक्के खरं. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जच्या को-पायलटने कॅप्टन बाहेर गेल्यावर दार आतून लॉक केलं आणि विमान आल्प्सच्या डोंगरात घातलं, १५० माणसं गेली, त्याच्याकडे हत्यार वगैरे काही नव्हतं. एक्स-रे मशीनमध्ये माणसाचं डोकं दिसत नाही, तिथे मशीनकडून अपेक्षाच ठेवू नका.

पण तुम्ही गृहीत धरलंय की युनिफॉर्म घातलेला माणूस पायलटच आहे, आणि गोची तिथेच आहे. ७ डिसेंबर १९८७, अमेरिका. पीएसए कंपनीचं विमान लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं. यूएसएअर या तिच्या मालक कंपनीने नोकरीवरून काढलेला एक माणूस त्यात बसला, सोबत पिस्तूल. साहेबाने काढलं म्हणून साहेबावर राग, आणि साहेब त्याच विमानात. त्याचं ओळखपत्र कोणी परत घेतलंच नव्हतं आणि कर्मचाऱ्यांना तपासणी नव्हती, म्हणून तो आरामात आत गेला. साहेबाला मारलं, पायलटना मारलं, विमानातले सगळे ४३ जण संपले. त्यानंतरच तिथे क्रू आणि कर्मचाऱ्यांच्या तपासणीचे नियम कडक झाले. म्हणजे झडती पायलटच्या सचोटीची नसते हो, ती त्या कार्डाची आणि कपड्यांची असते, आणि ते दोन्ही चोरता येतं.

खरा कर्मचारीही धोका देऊ शकतो बरं का. १९९४ मध्ये फेडेक्सच्या मालवाहू विमानात कंपनीचाच एक फ्लाइट इंजिनियर फुकटच्या सीटवर बसून निघाला, गिटारच्या केसमध्ये हातोडे आणि मासे मारायची स्पिअर गन घेऊन. क्रूची डोकी फुटली तरी त्यांनी झटापट करून विमान उतरवलं, त्यांना सलाम. ती केस आधी कोणी उघडून बघितली असती तर?

माझं मत विचाराल तर कात्रीवरून हुज्जत घालणं मूर्खपणा आहे, तिथे तुमच्याशी सहमत. पायलटना वेगळी लाईन द्या, प्रवाशांसमोर बूट काढायला लावू नका, ओळख कॉम्प्युटरवर नीट तपासा. अमेरिकेत ओळख पटलेल्या क्रूला नेहमीच्या तपासणीशिवाय सोडतात आणि मधूनच कोणालाही अचानक बाजूला घेऊन तपासतात, ते मला बऱ्यापैकी पटतं, कारण आपला नंबर कधी लागेल ते कोणालाच माहीत नसतं. सरसकट सूट मात्र नको.