नातवाचा वाडगा आणि जपानी शाळेतले जेवण

प्रश्न : माझा मुलगा आणि सून नोकरीनिमित्त गेली तीन वर्षे जपानमध्ये राहतात आणि सात वर्षांचा नातू तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत जातो. मी नुकतीच दोन महिने त्यांच्याकडे राहून आले. नातू जेवणाआधी हात जोडून काहीतरी पुटपुटतो, स्वतःचाच वाडगा हवा म्हणून हटून बसतो आणि तो उचलून सरळ तोंडाला लावतो. माझ्या वाडग्यातून दिलेले सूप त्याने घेतले नाही, याचे मला फार वाईट वाटले. शाळेत डबा नेता येत नाही, सगळ्यांना एकच जेवण असते, असेही कळले. आम्ही शाकाहारी आहोत. मुलगा म्हणतो, काळजी करू नकोस; पण काळजी वाटते. याबद्दल काही सांगाल का?

उत्तर : नातवाने सूप नाकारले ते आपल्याला परके मानून नव्हे, एवढे आधी सांगतो. जपानी घरांत भाताचा वाडगा, चॉपस्टिक आणि चहाचा पेला या तीन वस्तू ज्याच्या त्याच्या ठरलेल्या असतात. वडिलांचा वाडगा मोठा, आईचा जरा लहान, मुलाचा त्याच्या आवडत्या चित्राचा. बाकीच्या बशा मात्र कोणीही कोणतीही घ्यावी. या पद्धतीचे मूळ जुन्या घरांतल्या ‘हाकोझेन’मध्ये सापडते. ही प्रत्येकाची स्वतंत्र लाकडी पेटी असे. आत त्याची भांडी असत आणि झाकण उलटे ठेवले की तेच त्याचे ताट होई. जेवण संपले की वाडग्यात गरम पाणी किंवा चहा घ्यायचा, लोणच्याच्या फोडीने कडेचे खरकटे सोडवायचे, ते पाणी पिऊन टाकायचे आणि भांडी पुसून पेटीत ठेवायची. ती रोज धुण्याची रीत नव्हती. त्यामुळे ज्याची भांडी त्यानेच वापरायची, हा नियम आपोआप पक्का झाला.

अशा पेट्यांसमोर मंडळी मानाच्या क्रमाने बसत आणि मुलांनी जेवताना बोलू नये अशी अपेक्षा असे. पाय दुमडता येणारे बुटके मेज, ज्याला ‘चाबुदाई’ म्हणतात, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून घरोघर रुळले, तेव्हा कुठे सारे कुटुंब एका मेजाभोवती आले. पुढे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी गृहनिर्माण महामंडळाच्या सदनिकांमध्ये स्वयंपाकघरालगतच जेवणाची जागा काढली गेली आणि खुर्च्या आल्या. म्हणजे एका टेबलाभोवती गप्पा मारत जेवणारे जपानी कुटुंब हे चित्र आपण समजतो तेवढे जुने नाही, पण वैयक्तिक वाडगा मात्र पेटीतून निघून थेट टेबलावर येऊन बसला.

वाडगा उचलण्याचेही कारण असेच आहे. ताट जमिनीलगत, चमचा वापरण्याची रीत नाही, तेव्हा भांडेच तोंडापर्यंत आणायचे. उलट भांडे खाली ठेवून त्यावर वाकणे हेच तिथे गावंढळ ठरते. त्याला ‘कुत्र्यासारखे खाणे’ अशा अर्थाचा शब्दच आहे. तेव्हा ज्याला आपण धसमुसळेपणा समजलात, ते त्याच्या शाळेत वळण म्हणून शिकवलेले असणार. तो पुटपुटतो तो शब्द ‘इतादाकिमास’, म्हणजे ‘नम्रपणे स्वीकारतो’. जेवण झाल्यावरच्या ‘गोचिसोसामा’ या शब्दात तर धावपळ हा अर्थ दडलेला आहे. जेवण मिळावे म्हणून कोणीतरी केलेल्या धावपळीची ती पोच आहे. मला स्वतःला हा दुसरा शब्द अधिक आवडतो.

आता शाळेकडे वळू. जपानमधल्या शालेय भोजनाची सुरुवात १८८९ मध्ये यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी, मंदिराच्या आवारातल्या एका शाळेत गरीब मुलांना भाताचे गोळे, खारवलेला भाजका मासा आणि लोणचे देऊन झाली, असे मानले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपासमारीत परदेशी मदतीतून आलेल्या दूधभुकटीवर आणि पुढे गव्हाच्या पावावर एक पिढी वाढली. त्या भुकटीच्या दुधाच्या वासाबद्दल आजचे आजी-आजोबा अजूनही नाक मुरडतात. १९५४ मध्ये शालेय भोजनाचा कायदा झाला. गंमत म्हणजे भातखाऊ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या देशाच्या शालेय जेवणात भाताला अधिकृत स्थान मिळाले ते थेट १९७६ मध्ये.

एकच जेवण सर्वांना देण्यामागे केवळ सोय नाही. हा तास शिक्षणाचाच भाग मानला जातो आणि २००५ मध्ये अन्नशिक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला, त्याच वर्षापासून शाळांमध्ये पोषणशिक्षकही नेमले जाऊ लागले. पांढरा डगला आणि टोपी घातलेली पाळीची मुले वर्गातच सर्वांना वाढतात आणि शिक्षकही त्यांच्याबरोबर तेच जेवतात. मुलांच्या आधी मुख्याध्यापक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती जेवण चाखून पाहते. शनिवार-रविवारी नातवाने घरी डगला आणला असेल, तर तो धुऊन, इस्त्री करून पुढच्या पाळीच्या मुलासाठी परत द्यायचा असतो. या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. पूर्वी ताट संपेपर्यंत मुलाला जागचे उठू देत नसत आणि मधली सुट्टी रडत काढल्याच्या आठवणी तिथे अनेकांकडे आहेत. आता या सक्तीवर उघड टीका होते, आणि ती रास्तच आहे.

शाकाहाराची आपली काळजी मात्र अनाठायी नाही. मांस वगळले तरी प्रश्न सुटत नाही, कारण सूप आणि शिजवलेल्या भाज्यांच्या मुळाशी ‘दाशी’ हे सत्त्व असते आणि ते बहुधा वाळवून, धुरी देऊन लाकडासारखा टणक केलेल्या माशाच्या किसापासून काढतात. पदार्थात माशाचा तुकडा दिसत नाही, म्हणून विचारल्यावर ‘यात मासा नाही’ असे उत्तर प्रामाणिकपणे मिळू शकते. त्यामुळे मुलाने शाळेत ‘आम्ही मांस खात नाही’ एवढेच न सांगता माशाचे सत्त्व चालेल की नाही, हे स्पष्ट सांगावे. समुद्री शेवाळ किंवा वाळलेल्या शिताके अळिंबीपासूनही दाशी करतात, पण शाळेच्या मोठ्या स्वयंपाकघराने एका मुलासाठी ती वेगळी करावी अशी अपेक्षा धरू नये. ॲलर्जी किंवा धार्मिक कारण असेल, तर बोलणी करून घरचा डबा आणू देणाऱ्या शाळाही आहेत. सगळा डबा किंवा न चालणाऱ्या पदार्थापुरताच पर्याय, असेही ठरवता येते.

शाळेकडून दर महिन्याला घरी जेवणाचा तक्ता येतो. पदार्थांबरोबर त्यांत काय काय घातले आहे, हेही त्यावर बहुधा छापलेले असते. पुढच्या व्हिडिओ कॉलच्या वेळी नातवाला तो तक्ता समोर धरायला सांगा आणि त्याच्याकडूनच वाचून घ्या. वाढण्याची त्याची पाळी कधी आहे, हेही विचारा.