पॉलिशवाल्याला आधी थांबवा

प्रश्न : शिवाजी पार्कच्या आमच्या घरात सासऱ्यांनी लिलावात घेतलेला आरसा आहे. हिरव्या चौकटीवर सोनेरी रंगात छत्रीवाली माणसं, पूल, लांब शेपटीचे पक्षी. म्हणून आम्ही त्याला चिनीच समजत होतो. मागच्या फळीवर मात्र ‘व्हेनेझिया’ छापलेली जुनी चिठ्ठी सापडली. चौकटीचे पोपडे उडालेत, काचेवर करडे डाग आहेत. सोसायटीत येणारा पॉलिशवाला म्हणतो, सगळं खरवडून ड्युकोचा रंग मारतो, काचही बदलून देतो. गणपतीच्या आत करून घेऊ का?
– एक वाचक, दादर

उत्तर : नको, ताई. आधी त्याला फोन करून नाही म्हणून सांगा, मग पुढचं वाचा.

चिठ्ठीवरचं ‘व्हेनेझिया’ म्हणजे इटलीतलं व्हेनिस. अठराव्या शतकात तिथे अशा चिनी धाटणीच्या कामाची मोठी चलती होती. चीन-जपानहून येणाऱ्या लाखकामाच्या (लॅकरच्या) पेट्या-कपाटांचं युरोपातल्या श्रीमंतांना वेड लागलं होतं, पण ज्या झाडाच्या चिकातून ते काम होतं ते झाडच तिकडे नव्हतं. व्हेनिसच्या कारागिरांनी स्वतःची रीत बसवली. लाकडावर सरस आणि जिप्समचं पांढरं अस्तर, त्यावर रंग आणि सोनेरी चित्रं, वरून राळेच्या वॉर्निशचे पातळ हात. युरोपातल्या अशा वॉर्निशांत हिंदुस्थानातून गेलेली लाखही पडायची. व्हेनिसच्या का’ रेझ्झोनिको संग्रहालयात अशा हिरव्या लाखकामाच्या फर्निचरची एक अख्खी खोली आहे.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत डाव्या कोपऱ्यात पोपडा उडालाय तिथे हिरव्याखाली खडूसारखा पांढरा थर आणि त्याखाली लाकूड स्पष्ट दिसतंय. तेच ते अस्तर. ते पाण्याने फुगतं आणि वरचं वॉर्निश स्पिरिटने विरघळतं. म्हणजे ओलं फडकंही नको आणि काच पुसायचा स्प्रेही नको. आणखी एक करा. रात्री दिवे घालवून टॉर्चचा उजेड चौकटीवर आडवा पाडा. छत्रीवाल्या माणसाभोवती कागदाची बारीक कड उठून दिसली, तर ते चित्र हाताने काढलेलं नाही. छापील चित्र कापून, चिकटवून वर वॉर्निश दिलंय. हीही तिथलीच पद्धत. व्हेनिसच्या मुलखातल्या बास्सानो गावी रेमोंदिनी घराण्याच्या छापखान्यात अशी कापायची चित्रं छापली जात.

याच धर्तीचे आरसे पुढे एकोणिसाव्या-विसाव्या शतकातही बनले, म्हणून काच बघायची. जुन्या आरशांना मागून कथील आणि पारा लावत. चांदीचा मुलामा देण्याची रासायनिक रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने १८३५मध्ये शोधली, त्यानंतर पारा हळूहळू मागे पडला. मागची फळी कुणी आधी काढली असेल आणि काचेची पाठ दिसत असेल, तर नीट पाहा. उघडी, राखाडी, धातूसारखी असेल तर पारा. तपकिरी किंवा लाल रंग फासलेला असेल तर बहुधा नंतरची चांदी. मुद्दाम फळी उचकटू नका. पाऱ्याची काच तापवायची नाही, खरवडायची नाही. खालच्या कडेला चमकते थेंब दिसले तर हात लावू नका, मुलांना लांब ठेवा.

ते करडे डाग राहू देत. काच बदलली की आरसा निम्मा गेला. माझ्या वडिलांचं गिरगावात फर्निचर दुरुस्तीचं दुकान होतं, तिथेच मी हे काम शिकले. आजही चोरबाजारात मटण स्ट्रीटवर ड्युको मारलेल्या जुन्या चौकटी बघितल्या की पोटात कालवतं. तो रंग काढायला जावं तर खालचं चित्रही सोबत निघून येतं.

पश्चिमेच्या भिंतीवर आरसा असेल तर पावसाळ्यापुरता तरी आतल्या कोरड्या भिंतीवर हलवा, मात्र एसीच्या झोतासमोर नको. दुरुस्तीसाठी फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, तिथे विचारा. गणपतीसाठी एवढंच करा : जिथे पोपडे सुटलेले नाहीत तिथली धूळ मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच झटका. गळून पडलेले तुकडे केरात जाऊ देऊ नका. कागदाच्या पाकिटात घाला, कुठल्या कोपऱ्यातले ते वर लिहा. तेच तुकडे परत जागेवर बसवता येतात.