एमबीबीएसनंतर कॅन्सरच्या संशोधनात जायचं तर नक्की काम काय असतं?

तुम्ही विचारलंय, मुलगी इंदूरच्या एमजीएमला एमबीबीएस करतेय आणि पुढे पेशंट न तपासता कॅन्सरवर संशोधन करायचं म्हणते, तर त्यात करायचं काय?

हसू नका, पण निम्मं काम माणसं शोधण्याचं असतं. उपचारांनंतर पाच वर्षांनी किती जण हयात आहेत हे काढायचं तर एकेकाला फोन लावावा लागतो. माझ्या यादीतला एक नंबर सियागंजातल्या किराणा दुकानाचा निघाला. शेठ म्हणाले, "काका? ते तर दिवाळीआधीच गेले." फाइलीत काका अजून हयात! असे हरवलेले पेशंट जिवंत धरले, की उपचार आहेत त्याहून गुणकारी दिसतात. खरी कसोटी इथेच लागते.

कॅन्सर नोंदणी, म्हणजे एका भागातल्या सगळ्या कॅन्सर पेशंटची नोंद ठेवणारी यंत्रणा, मुंबईत १९६३ पासून आहे, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून. तुम्हाला जवळची भोपाळची, गॅसकांडानंतर सुरू झालेली. सुट्टीत तिथे चार दिवस बसून बघू दे तिला.

शिक्षण म्हणाल तर कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी, किंवा एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स. संख्याशास्त्राला मात्र पर्याय नाही. आणि सर्जनएवढी कमाई होत नाही, हे घरात आत्ताच बोलून घ्या.