फोर्ज्ड पिस्टन टाकून नव्याने बांधलेलं एस्टीमचं इंजिन पहिले १००० किमी जपून चालवायचं की दाबून?

तुम्ही लिहिलंय की मारुती एस्टीमचं १.३ इंजिन ०.५० मिमी ओव्हरसाइज फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन आणि नवा कॅम टाकून बांधून तयार आहे. मेकॅनिक म्हणतो हजार किलोमीटर चाळिसाच्या वर जाऊ नका. मित्र म्हणतो पहिल्याच दिवशी रेडलाइनला, म्हणजे आरपीएमच्या शेवटच्या मर्यादेला न्या. दोघांचंही ऐकू नका. त्यातही मेकॅनिकचा सल्ला वरून शहाणपणाचा दिसतो, म्हणून त्याचीच मला जास्त काळजी वाटते.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बरीच वर्षं रिबोअरचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर मोठ्या मापाला कापायचं काम केलंय. तुमच्या इंजिनाच्याच घराण्यातलं, ७४ मिमी बोअर आणि ७५.५ मिमी स्ट्रोकचं, माझ्या जिप्सीचं इंजिन मी स्वतः बांधलं आणि तळहातावरच्या फोडासारखं जपलं. वरच्या गियरमध्ये, हलक्या पायाने, सपाट रस्त्यावर. हजार किलोमीटर झाल्यावरही डिपस्टिकवरचं तेल उतरतच राहिलं, सकाळी सुरू करताना निळा धूर. शेवटी हेड उतरवलं तेव्हा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंती, आरशासारखे चकचकीत झाले होते. पुन्हा होनिंग (दगडाने बोअरवर बारीक तिरप्या रेघा पाडणं), पुन्हा पिस्टनच्या नव्या रिंगा, सगळा खर्च दुसऱ्यांदा.

असं का होतं ते समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. रिंग स्वतःच्या ताणाने बोअरवर अगदी थोडी दाबली जाते. तिला खरा जोर देतो तो जळणाऱ्या वायूचा दाब. तो वरच्या रिंगच्या पाठीमागे खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. होनिंगच्या तिरप्या रेघांची बारीक टोकं या दाबाखाली घासली जातात आणि रिंग व बोअर एकमेकांच्या मापाचे होतात. यालाच आपण रिंग बसणं म्हणतो. पाय हलका ठेवला तर दाबच तयार होत नाही. टोकं तशीच राहतात, भिंतीवरचं तेल भाजून त्याचा काचेसारखा थर धरतो, आणि एकदा ती काच धरली की पुढे कितीही चालवा, रिंग बसत नाही. संधी फक्त सुरुवातीची असते. विमानाची पिस्टन इंजिनं बनवणारी लायकॉमिंग कंपनीसुद्धा नव्या सिलिंडरसाठी साधं मिनरल तेल वापरायला आणि ६५ ते ७५ टक्के पॉवरवर उडवायला सांगते. कमी पॉवरवर रेंगाळू नका, हेच तिचंही म्हणणं.

मग मित्र कुठे चुकतो? लोड आणि आरपीएम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तो त्या एकच समजतोय. लोड म्हणजे इंजिनाला किती जोर लावावा लागतो ते, आरपीएम म्हणजे ते किती वेगाने फिरतं ते. रिंगला लोड हवा. आरपीएम वाढवत नेलं की घर्षण आणि उष्णता वाढते. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर कास्टपेक्षा (ओतीव पिस्टनपेक्षा) जास्त फुगतो, आणि न बसलेल्या बोअरमध्ये तो ओरखडे पाडू शकतो. (म्हणूनच त्याला क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि बोअरमधली फट, जास्त ठेवतात. थंड असताना टकटक ऐकू आली आणि गरम झाल्यावर गेली, तर घाबरू नका.) बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ ला पहिल्या २००० किमीपर्यंत ५५०० आरपीएमची मर्यादा होती. कंपनीतून आलेल्या नव्या गाडीत गियरबॉक्स आणि डिफरन्शियलही नवे असतात, तेव्हा तो नियम जसाच्या तसा तुम्हाला लागू नाही, पण दिशा कळते.

आता इंजिन पहिल्यांदा सुरू करायच्या दिवसाचं बोलू. इंजिन अजून उघडं असेल, निदान मेकॅनिकला विचारता येत असेल, तर एकच विचारा: होनिंगनंतर बोअर कशाने धुतले? रॉकेल किंवा पेट्रोलने पुसले असतील तर मला भीती वाटते. त्याने तेल निघतं, पण होनिंगच्या दगडाची बारीक भुकटी रेघांमध्ये तशीच बसून राहते, आणि मग ती रिंगा, पिस्टन, बेअरिंग सगळं खात सुटते. गरम पाणी, साबण आणि ब्रश हाच खरा उपाय. लगेच कोरडं करून तेल लावायचं, आणि तेलात भिजवलेलं पांढरं फडकं फिरवल्यावर ते पांढरंच निघेपर्यंत थांबायचं नाही. चांगल्या पिस्टनवर एवढा खर्च केल्यावर या अर्ध्या तासाला नाही म्हणणारा मेकॅनिक मला चालत नाही.

सुरू करण्याआधी प्लग काढा, इग्निशन आणि फ्युएल पंप बंद ठेवा आणि ऑइल लाइट विझेपर्यंत स्टार्टर थोडा-थोडा, मध्ये थांबत मारा. कूलंटमधली हवा काढा. रॉकर कॅमवर नुसताच घासत असेल, म्हणजे रोलर नसेल, तर पहिली २० मिनिटं आयडलवर सोडू नका. २००० ते २५०० च्या दरम्यान वर-खाली करत राहा, कारण आयडलला कॅमवर तेल कमी उडतं. तेल साधं मिनरल, झिंक भरपूर असलेलं. पोर्श, कॉर्व्हेट कारखान्यातूनच सिंथेटिक घेऊन निघतात हे खरं, पण त्यांच्या बोअरचं फिनिशिंग आपल्या होनिंगसारखं नसतं. नव्या कॅममुळे मिश्रण फार रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं चाललं तर पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं, म्हणून ट्यूनिंग आधी नीट करा, नंतर करू म्हणू नका.

मग इंजिन पूर्ण गरम झाल्यावर थेट रस्ता. पुण्याहून निघत असाल तर पहाटे साताऱ्याकडे जा, खंबाटकीचा चढ या कामाला फार छान आहे. तिसऱ्या गियरमध्ये २५०० वरून ४००० पर्यंत अर्धा थ्रॉटल देऊन ओढा. मग पाय पूर्ण काढा आणि गियरमध्येच गाडी उतरू द्या. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये जो व्हॅक्यूम होतो तो थोडं तेल वर ओढतो, रिंगा गार होतात आणि घासलेलं बारीक लोखंड धुऊन निघतं. ओढण्याइतकंच हे सोडणंही महत्त्वाचं आहे. असं पाच-सहा वेळा, मग पाऊण थ्रॉटल, मग पूर्ण थ्रॉटल पण ५००० च्या आत. मध्ये एक-दोन किलोमीटर आरामात चालवा. टेंपरेचरच्या काट्यावर लक्ष ठेवा. हायवेवर एकाच वेगाने तासभर जाऊ नका, आणि खालच्या आरपीएमला वरच्या गियरमध्ये इंजिन कण्हायला लावू नका.

घरी आलात की त्याच दिवशी गरम असताना तेल आणि फिल्टर बदला. फिल्टर कापून घड्या उलगडून बघा. राखाडी बारीक चमक चुंबकाला चिकटली तर ती रिंग-बोअरची, अपेक्षितच आहे. तांबूस पापुद्रे किंवा नखाला जाणवणारे तुकडे दिसले तर गाडी चालवणं थांबवा आणि इंजिनाखालचं तेलाचं चेंबर खोला. पुढचं तेल ५०० किमीला, त्यानंतरचं १५०० ला. सिंथेटिकवर जायचं ते डिपस्टिकवरची पातळी दोन बदलांमध्ये हलेनाशी झाल्यावर.

५०० ला तेल बदलाल तेव्हा टॅपेट तपासा आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेऊन वहीत लिहून ठेवा. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती ते बघा. एखादा दहा टक्क्यांहून जास्त मागे असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा घ्या. वाढला तर रिंग अजून बसायची आहे, अजून एकदा घाट चढा. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट बघावं लागेल, आणि तोपर्यंत ६००० च्या वर नेऊ नका.