इंजिन आवडतं की इंधन, आधी ते ठरवा

प्रश्न : अंबाजोगाईत माझं चारचाकीचं गॅरेज आहे. मुलाची बारावी आणि एमएचटी-सीईटी झाली. कृत्रिम इंधन आलं की पेट्रोल-डिझेल गाड्या टिकतील, म्हणून ऑटोमोबाइल इंजिनिअरिंगच घेणार, असा त्याचा हट्ट आहे. त्याच्या आईला वाटतं, इलेक्ट्रिकच्या जमान्यात हे नको. काय करावं? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून बनवलेलं कृत्रिम पेट्रोल आजच्या इंजिनात चालतं, पंप आणि टँकरही तेच वापरता येतात. पण इंजिन फारसं बदलावं लागत नाही, म्हणजे इंजिनवाल्याला त्यात नवं कामही फारसं नाही. खरं काम कारखान्यात आहे, आणि ते केमिकल इंजिनिअरचं.

आधी पाण्यातून विजेने हायड्रोजन काढतात, किलोमागे ५० ते ५५ युनिट वीज जाते. कार्बन डायऑक्साइड वेगळा पकडतात. मग वायूंपासून द्रव इंधन बनवायची फिशर-ट्रॉप्श ही जर्मनीतली शंभर वर्षांपूर्वीची पद्धत : लोखंड किंवा कोबाल्टचा उत्प्रेरक, २० ते ३० बार दाब, कोबाल्ट असेल तर २०० ते २४० अंश तापमान. वायूत गंधकाचा अंश राहिला तर उत्प्रेरक निकामी होतो. तापमान चढलं तर द्रव इंधनाऐवजी मिथेनच जास्त पडतो. दुसरा रस्ता मिथेनॉलमार्गे पेट्रोलचा. चिलीत पुंता अरेनासजवळचा, २०२२च्या अखेरीस सुरू झालेला ‘हारू ओनी’ हा छोटा प्रायोगिक प्रकल्प त्याच रस्त्याने जातो.

अडतं ते विजेपाशी. एक लिटर कृत्रिम पेट्रोलला १८ ते २० युनिट तरी लागतात. त्यावर गाडी पंधरा-अठरा किलोमीटर जाते. तेवढीच वीज बॅटरीत भरली तर छोटी इलेक्ट्रिक कार शंभर किलोमीटर सहज पार करते. त्यामुळे रोजच्या कारसाठी हे इंधन महागच राहील. विमानं आणि लांब पल्ल्याची जहाजं यांना बॅटरीचं वजन झेपत नाही, तिथे त्याला खरी मागणी आहे. २०३५नंतरच्या नव्या गाड्यांच्या नियमात अशा इंधनाला वाव ठेवायचं युरोपीय महासंघाने २०२३मध्ये मान्य केलं, मुलाने वाचलं असेल ते बहुधा हेच. तेवढ्या भरवशावर शाखा निवडू नये.

तुमच्या कामाचं एक सांगतो. फिशर-ट्रॉप्श डिझेलमध्ये गंधक जवळपास नसतं, काजळी कमी धरते. पण त्यात अ‍ॅरोमॅटिक घटकही (वलयाकार रेणूंची संयुगं) नसतात, त्यामुळे जुन्या गाडीतलं फुगलेलं रबरी सील आक्रसतं आणि पंपाला गळती लागते. वंगणगुणही कमी, म्हणून पूरक द्रव्य मिसळावं लागतं. आणि हवा इंजिनात तापणारच, म्हणून नायट्रोजनचे ऑक्साइड धुरात राहतातच.

आता मराठवाड्याचं. पाण्याची भीती सगळ्यात आधी मनात येते, पण लिटरभर इंधनाच्या हायड्रोजनला जेमतेम ३ लिटर पाणी लागतं (शुद्धीकरणाचं आणि थंड करायचं वेगळं). उसापुढे हे काहीच नाही. उलट आपल्याकडे एक जमेची बाजू आहे : साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत आंबवण्याच्या टाक्यांतून लिटरभर इथेनॉलमागे पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही बऱ्यापैकी शुद्ध. धुराड्यातला वायू गाळण्यापेक्षा हा पकडणं खूप स्वस्त. इथेनॉलपासून विमानाचं इंधन करण्याची पद्धतही आहेच.

म्हणून मुलाला रसायनशास्त्र आवडत असेल तर केमिकल. नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंहजी संस्थेत ही शाखा आहे. जालन्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं (आयसीटी) केंद्र आहे, तिथे पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक. आहे, प्रवेशाचे निकष चालू वर्षाच्या माहितीपत्रकातच पाहा. रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंग आणि प्रोसेस कंट्रोल हे विषय कच्चे राहू देऊ नका, मुलाखतीत तिथेच पोरं अडकतात.

गाडीच आवडत असेल तर ऑटोमोबाइलऐवजी मेकॅनिकल घ्या. गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत ऑटोमोबाइलचा स्वतंत्र पेपर नाही, मुलं मेकॅनिकलचाच देतात. सरकारी तेल कंपन्यांच्या जाहिरातींतही मेकॅनिकल, केमिकल ही नावं हमखास असतात. सोबत मोटर, बॅटरी, कंट्रोलर यांचे ऐच्छिक विषय घ्यावेत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्रा औद्योगिक वसाहतींत काम शोधताना ते उपयोगी पडतात, आणि आईची काळजीही त्यातच मिटते.

केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा (कॅप) ऑप्शन फॉर्म भरण्याआधी त्याला एक दिवस जवळच्या डिस्टिलरीत पाठवा. हंगाम सुरू नसला तरी केमिस्टला भेटता येईल. परत आल्यावर तो टाक्या, व्हॉल्व्ह आणि तापमानाबद्दल बोलला तर केमिकल वर टाका. गेटावरच्या ट्रकच्या इंजिनाबद्दलच बोलला तर मेकॅनिकल.